ट्रॅक-डेला गाडीतला फायर एक्स्टिंग्विशर दर वेळी सैल का होतो?

ट्रॅक-डे म्हणजे आपली रोजची गाडी रेसिंग ट्रॅकवर नेऊन पळवायचा दिवस. तक्रार अशी आहे. पुण्यातून निघताना फायर एक्स्टिंग्विशरचा सिलिंडर धरणारं ब्रॅकेट पक्कं बसलेलं असतं, सिलिंडर धरून ओढला तर सगळी गाडी डुलते. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर वीस-वीस मिनिटांची चार सत्रं होतात, आणि संध्याकाळी हेल्मेट ठेवायला वाकलं की कोपर लागतं आणि ब्रॅकेट डुगडुगतं. पान्हा काढून परत आवळायचं, घरी यायचं, पुढच्या खेपेला पुन्हा तेच. माझ्या स्विफ्टमध्ये हे सलग चार खेपा चाललं. त्या काळात ओळखीच्या आणखी तिघाचौघांच्या गाड्यांत हात घालून बघितला. प्रत्येकाचा सिलिंडर थोडाफार हलत होता आणि प्रत्येकाकडे उपाय एकच होता: अजून आवळा.

आवळून हा प्रश्न सुटत नाही. का सुटत नाही ते कळायला मला दीड वर्ष लागलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ही गोष्ट किरकोळ का नाही ते आधी सांगते. माझा सिलिंडर २ किलो एबीसी पावडरचा आहे. भरलेला, व्हॉल्व्ह आणि नळीसकट, वजनकाट्यावर ३.७ किलो भरतो. एफआयए या मोटर रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमावलीत, अपेंडिक्स जेच्या कलम २५३ मध्ये, हाताने वापरायच्या अग्निशामकाच्या बैठकीने २५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पंचवीसपट, इतका झटका सोसला पाहिजे असं म्हटलं आहे. ३.७ किलोला २५ जी म्हणजे त्या क्षणापुरतं साडेब्याण्णव किलो. एक धिप्पाड माणूस त्या ब्रॅकेटला लोंबकळतो आहे असं समजा, आणि मग आपल्या ब्रॅकेटकडे पुन्हा एकदा बघा.

सुटा सिलिंडर काय करू शकतो याचं उदाहरण ज्यांना मोटर रेसिंग माहीत आहे त्यांना माहीत असेल. ५ मार्च १९७७ ला दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामी ट्रॅकवर थांबलेल्या एका गाडीला आग लागली, म्हणून एकोणीस वर्षांचा एक मार्शल हातात एक्स्टिंग्विशर घेऊन ट्रॅक ओलांडायला धावला. टॉम प्राइसच्या गाडीने त्याला उडवलं. तो गेला, आणि त्याच्या हातातला सिलिंडर डोक्याला लागून प्राइसही गेला. तिथे वेग गाडीचा होता आणि सिलिंडर जवळजवळ जागेवर होता. आपल्या गाडीच्या आत हेच उलट्या बाजूने घडतं. गाडी टायरच्या भिंतीला थांबते, सिलिंडर थांबत नाही. डोक्याला त्यात काही फरक नाही.

नेमकं काय हलतंय?

‘सिलिंडर हलतो’ एवढं पुरेसं नाही. जोड तीन असतात: फ्लोअर आणि ब्रॅकेट यांच्यातला, ब्रॅकेट आणि त्याची पट्टी यांच्यातला, आणि पट्टी आणि सिलिंडर यांच्यातला. यातला कुठला सैल आहे ते डोळ्यांनी दिसत नाही, बोटाला कळतं. बोटाचं टोक अर्धं एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल असं टेकवा आणि दुसऱ्या हाताने सिलिंडर हलवा. जिथे बोटाखाली दोन भाग वेगवेगळे सरकताना जाणवतील, तो जोड सैल. गॅरेजमधले जुने मिस्त्री सस्पेन्शनचे बुश असेच बघतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि ते न करता मी चार वेळा चुकीच्या ठिकाणी पान्हा लावला.

माझ्या गाडीत ब्रॅकेट फ्लोअरवर हलत होतं. चार एम ८ (८ मिलिमीटर जाडीचे) बोल्ट, खाली मोठे वॉशर, वर ब्रॅकेट. पहिल्या खेपेला साधे नट होते. दुसऱ्या खेपेला स्प्रिंग वॉशर घातले. तिसऱ्या खेपेला नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले), चौथ्या खेपेला वर निळं लॉकटाइट, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद. प्रत्येक वेळी वाटलं, आता झालं.

मी चाकणला गाड्यांच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे आवळून झालेल्या महत्त्वाच्या जोडांवर पिवळ्या पेंट मार्करने रेघ मारतात: बोल्टच्या टोकावरून नटावर आणि नटावरून खालच्या पत्र्यावर, एका दमात. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. रोज हजार रेघा बघणाऱ्या मला ती स्वतःच्या गाडीत मारायची सुचायला पाचवी खेप उजाडली, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या खेपेला चारही नटांवर रेघा मारल्या. संध्याकाळी गाडी जॅकवर घेतली, टॉर्च घेऊन खाली गेले. चारही रेघा सलग, जशा मारल्या तशा. आणि वर ब्रॅकेट डुगडुगत होतं.

म्हणजे नट जागचा हललाच नव्हता. स्प्रिंग वॉशर, नायलॉक, लॉकटाइट हे सगळे उपाय नट फिरू नये म्हणून असतात, आणि माझे नट फिरत नव्हते. आजार वेगळा आणि औषध वेगळं.

तुमचंही ब्रॅकेट दर वेळी सैल होत असेल तर बाकी काही करण्याआधी ही रेघ मारा. पेंट मार्कर नसेल तर नेलपॉलिश चालतं. रेघ तुटली तर नट फिरतोय, आणि मग लॉकटाइट किंवा नायलॉक हा खरा उपाय आहे. रेघ शाबूत राहून जोड सैल झाला तर पुढचं वाचा.

गादीवर बसवलेलं लोखंड

पुण्याला परतल्यावर भोसरी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांकडे गाडी घेऊन गेले. ब्रॅकेट जाड पत्र्याचं करून घ्यावं असा विचार होता. त्यांनी ब्रॅकेटकडे बघितलंही नाही. कार्पेटची कड उचलली, खालचा फेल्ट अंगठ्याने दाबला आणि म्हणाले, “ताई, हे गादीवर बसवलंय तुम्ही. कितीही आवळा, गादी खाली बसणारच. लोखंड लोखंडावर बसलं पाहिजे.”

हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं, पण त्यामागचं गणित बघितल्यावर ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा आकडा) एम ८ बोल्ट २५ न्यूटन-मीटरला आवळला की तो जोडाला साधारण दीड टनाच्या जोराने दाबून धरतो. हा जोर येतो कुठून? बोल्ट ताणला जातो तिथून. बोल्ट म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. आणि इतकी ताठ, की १० मिलिमीटर जाडीचा जोड पकडलेला बोल्ट दीड टनाला ताणला जातो तो फक्त दोन शतांश मिलिमीटर. ०.०२. जोडातली एखादी गोष्ट तेवढी जरी खाली बसली, की ताण संपला, दीड टन शून्यावर आले. नट आहे तिथेच आहे, रेघही सलग आहे, पण पकड गेली.

आता कार्पेटचा विचार करा. वरचा गालिचा, खाली फेल्ट किंवा फोम, आणि पुष्कळ गाड्यांत त्याखाली आवाज दाबायला चिकटवलेली डांबरी पॅडं. मोकळ्या स्थितीत माझ्या गाडीत हे सगळं मिळून १४ मिलिमीटर होतं. आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर भरला की वाजणारा पान्हा, टक् करून वाजतो, कारण त्या क्षणी सगळं चेपून लाकडासारखं झालेलं असतं. पण फेल्ट सावकाश बसत राहतो, रात्रभर, दोन दिवस. आणि डांबरी पॅड उन्हात आणि एक्झॉस्टच्या आचेने मऊ होतं. पुण्यात घरी सगळं घट्ट आणि ट्रॅकवरच सैल, याचं कारण हेच. ट्रॅकवर इंजिन सतत वरच्या आरपीएमला, खाली एक्झॉस्ट तापलेला, फ्लोअरचा पत्रा हाताला चटका बसेल इतका गरम. त्याआधी पुण्याहून कोइम्बतूरपर्यंत सुमारे १,२०० किलोमीटरची धडधड. पॅडने बसावं म्हणून आणखी काय हवं?

उपाय म्हणजे बुश. लोखंडी गजातून लेथवर चार गोल तुकडे काढायचे: बाहेरून २० मिलिमीटर, आतून ८.५, म्हणजे एम ८ बोल्ट आरामात जाईल. कार्पेटला २० मिलिमीटरचं गोल भोक पाडून बुश थेट फ्लोअरच्या पत्र्यावर ठेवायचा, आणि ब्रॅकेट त्या चार बुशांवर. कार्पेट आता नुसतं बाजूला आहे, त्याच्यावर कसलाच भार नाही. बोल्टचं डोकं, ब्रॅकेट, बुश, पत्रा, खालची प्लेट: वरपासून खालपर्यंत फक्त धातू.

उंचीबाबत एक गोष्ट सांभाळा. फ्लोअर सपाट दिसतो पण नसतो; त्यात पन्हाळी दाबलेल्या असतात. माझ्याकडे पुढचे दोन बुश १० मिलिमीटरचे आणि मागचे दोन १२ चे लागले. चारही एका मापाचे केले असते तर आवळताना ब्रॅकेटला पीळ बसला असता आणि सगळा भार तिरपा एका बोल्टवर आला असता. माप घ्यायची सोपी रीत: सपाट पट्टी चार जागांवर आडवी ठेवा आणि प्रत्येक भोकातून पत्र्यापर्यंतची खोली व्हर्नियरने मोजा. बुशाखालचं डांबरी पॅड खरवडून काढायला विसरू नका. हेअर ड्रायरने थोडं गरम केलं की पातीने सुटतं.

कार्पेटमधून ड्रिल कधीही चालवू नका. धागा बिटात अडकतो आणि क्षणात हातभर लांब गालिचा गुंडाळला जातो. धारदार कटरने कापा, किंवा जुन्या सोल्डरिंग आयर्नने जाळून भोक पाडा. जाळलं तर कडा विरत नाहीत.

पत्र्याचं दुखणं

बुश बसवल्यावर सहाव्या खेपेला ब्रॅकेट नव्वद टक्के थांबलं. नव्वद टक्के, कारण मागच्या डाव्या कोपऱ्यात अजून किंचित हालचाल होती, आणि बोट ठेवलं तेव्हा कळलं की बुशासकट फ्लोअरच हलतोय.

गाडीच्या फ्लोअरचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. त्यावर साधा वॉशर लावून बोल्ट खेचला तर पत्रा त्या जागी वाटीसारखा दबतो आणि मग डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर होतो. अपघाताच्या झटक्यात तर वॉशर पत्रा फाडून वर येईल. म्हणून खालून प्लेट हवीच. मी ३ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या केल्या, प्रत्येक पट्टीवर दोन बोल्ट, कोपरे कानशीने गोल केलेले, कारण धारदार कोपरा पत्र्याला चिरतो. प्लेटवर नट वेल्ड करून घेतले. त्याचा फायदा असा की आता वरून एकटीला बोल्ट तपासता येतो. पूर्वी खाली नट धरायला कुणीतरी लागायचं, आणि ट्रॅकवर तसं कुणी मोकळं नसतं.

इथेही तोच नियम लागतो, आणि मी इथेही एकदा फसले. गंज नको म्हणून प्लेट आणि पत्रा यांच्यामध्ये अंडरबॉडी कोटिंगचा जाड थर दिला होता. जाड रंग आणि रबरी कोटिंग हेसुद्धा मऊच. ते बसलं आणि एका बोल्टची पकड पुन्हा उतरली. आता भोकाच्या कडेला फक्त झिंक प्रायमरचा पातळ हात, मग प्लेट कोरडी आवळायची, आणि कोटिंग सगळं झाल्यावर बाहेरून. भोकाची कड उघडी मात्र ठेवू नका. पावसाळ्यात घाटातून दोन चकरा झाल्या की तिथूनच गंज धरतो.

ड्रिल करण्याआधी गाडीखाली जाऊन बघायचं, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगते. पेट्रोलची नळी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, एक्झॉस्टची हीट शील्ड, यातलं काहीही तुमच्या भोकाखाली असू शकतं. आधी ३ मिलिमीटरचं बारीक भोक, बिटावर टेप गुंडाळून खोलीची खूण, आणि खाली एक माणूस.

नायलॉक नटाबद्दल जाता जाता: त्यातलं नायलॉन साधारण १२० अंशांपर्यंत टिकतं. एक्झॉस्टच्या बोगद्याजवळ नट येत असेल तर पूर्ण धातूचा लॉक नट घ्या. एम ८ बोल्ट रविवार पेठेत बोहरी आळीत हवे तेवढे मिळतात, पण डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला बघूनच घ्या. कोऱ्या डोक्याचा बोल्ट दिसायला तोच, किमतीला निम्मा, आणि किती जोर सोसेल याची कुणाचीच हमी नाही.

भोक न पाडता

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी फ्लोअरला भोकं पाडायला सांगणार नाही. शेजारच्या सीटच्या रेलचे पुढचे दोन बोल्ट हे गाडीतल्या सगळ्यात भक्कम जागांपैकी आहेत. तिथे कंपनीने आधीच जाड पत्रा आणि वेल्ड केलेले नट दिलेले असतात. त्या दोन बोल्टांमध्ये ३ मिलिमीटरची एक आडवी प्लेट बसवायची आणि तिच्यावर ब्रॅकेट. परदेशात काही गाड्यांसाठी अशा प्लेट तयार मिळतात; आपल्या हॅचबॅकसाठी फॅब्रिकेटरकडून करून घ्यावी लागते. पुठ्ठ्याचा साचा कापून, गाडीत बसवून बघून, मग तो साचा घेऊन जा. मापं तोंडी सांगितली तर प्लेट दोनदा करावी लागते.

पण सीटचा बोल्ट म्हणजे जिवाचा बोल्ट. बऱ्याच गाड्यांत बेल्टचं बकल सीटच्या फ्रेमलाच असतं, म्हणजे शेजारी बसलेल्याचा अपघातातला सगळा भार या बोल्टांतून जातो. प्लेट ३ मिलिमीटर जाड असली की बोल्ट तेवढाच कमी आत जातो. आट्यांची पकड निदान बोल्टच्या जाडीएवढी राहिली पाहिजे. नसेल राहत तर त्याच ग्रेडचा, त्याच आट्यांचा आणि तेवढा लांब बोल्ट घ्या, आणि टॉर्क गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला, अंदाजाचा नाही. प्लेट रेलच्या पायाच्या वर, बोल्टच्या डोक्याखाली घ्या. पायाच्या खाली घातली तर सीट पुढून उचलली जाते आणि रेल जड सरकते.

सीट काढावी लागली तर खाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतील. ते एअरबॅग आणि बेल्टच्या यंत्रणेचे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबून मगच त्यांना हात लावा. कनेक्टर सुटा असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो.

पट्टी आणि सिलिंडर

बोट दुसऱ्या किंवा तिसऱ्या जोडावर हालचाल सांगत असेल तर दोष ब्रॅकेटच्या जातीतच असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे सिलिंडरबरोबर जे मिळतं ते बहुतेक वेळा भिंतीवर टांगायचा हुक असतो, किंवा छोट्या सिलिंडरबरोबर प्लास्टिकची पकड. दोन्ही ट्रॅकसाठी बाद. प्लास्टिक उन्हात कडक होतं आणि कानापाशी तडकतं, आणि ती तड ब्रॅकेट काढल्याशिवाय दिसत नाही. व्हेल्क्रो आणि केबल टाय यांच्याबद्दल बोलायलाच नको. होज क्लॅम्पने सिलिंडर पक्का बसतो हे खरं, पण सुटायला स्क्रू-ड्रायव्हर लागतो, आणि आग लागल्यावर स्क्रू-ड्रायव्हर कोण शोधणार?

हवं ते असं: धातूचं ब्रॅकेट, धातूच्या दोन पट्ट्या, आणि एका झटक्यात उघडणारी धातूची कडी. एफआयएही किमान दोन पट्ट्या मागते. एकाच पट्टीवर सिलिंडर त्या पट्टीभोवती झुलतो आणि दर वळणाला स्वतःच ती सैल करत नेतो.

पट्टीच्या आत रबर असतं. ते हवं, नाहीतर सिलिंडर फिरतो आणि रंग खरडतो. पण पातळ हवं, एक-दीड मिलिमीटर. एका मित्राने खडखड थांबवायला सायकलच्या ट्यूबचे तीन पदर घातले होते. पहिल्या सत्रात आवाज नाही, तिसऱ्या सत्रात पहिल्यापेक्षा जास्त. पुन्हा गादीच. कडी बंद करताना अंगठ्याला जोर लागला पाहिजे. दोन बोटांनी सहज बंद होत असेल तर तिचा हूक एक-दोन आटे आत घ्या. सिलिंडरचा व्यास मोजून मगच ब्रॅकेट घ्यावं हे बरं. चार-पाच मिलिमीटरचा फरक रबराने भरून काढायला जाऊ नये.

सिलिंडर गाडीच्या लांबीला आडवा बसवा, म्हणजे डावी-उजवीकडे तोंड करून. लांबीच्या दिशेने बसवला तर समोरच्या धडकेत तो पट्ट्यांमधून दांड्यासारखा पुढे निसटतो. आडवा असला की पट्टीची सगळी रुंदी त्याला अडवते. चांगल्या ब्रॅकेटच्या टोकांना उभे कान असतात, ते याच निसटण्यासाठी असतात आणि एफआयएच्या नियमावलीतही त्यांचा उल्लेख आहे. तुमच्या ब्रॅकेटला नसतील तर फॅब्रिकेटरकडून दोन तुकडे वेल्ड करून घ्या. कान सिलिंडरच्या खांद्याला टेकले पाहिजेत, व्हॉल्व्हच्या मानेला नाही.

हात पोचतो का

पक्कं बसवण्याच्या नादात हे राहून जातं. माझंही राहिलं होतं.

सीट ड्रायव्हिंगच्या जागी, बेल्ट लावलेला, हेल्मेट आणि ग्लव्ह्ज घातलेले, आणि मग डावा हात खाली. माझा हात हँडलपर्यंत गेला, पण दूरच्या कडीपर्यंत नाही. दोन्ही कड्या शेजारच्या दरवाज्याकडे तोंड करून होत्या. ब्रॅकेट फिरवून कड्या माझ्या बाजूला, वरच्या अंगाला घेतल्या. त्याआधी सिलिंडर हातात यायला अकरा सेकंद लागत होते, आता चार लागतात. कडी अशी हवी की डाव्या दरवाज्यातून वाकलेल्या माणसालाही ती दिसेल, कारण पुष्कळदा सिलिंडर काढणारा तुम्ही नसताच. मार्शल असतो, किंवा पिटमध्ये शेजारी उभा असलेला कुणी. आणि शेजारी इन्स्ट्रक्टर बसणार असेल तर एकदा त्याला बसवून बघा. टाचा सिलिंडरवर आपटत असतील तर तो पहिल्याच सत्रात पायाने कडी उघडेल. माझ्याकडे म्हणूनच सिलिंडर सीटच्या पुढच्या कडेला जवळजवळ चिकटून आहे, आणि त्यासाठी सीट दोन खाचा मागे घ्यावी लागली.

सेफ्टी पिन आणि तिचं प्लास्टिकचं सील जागेवरच राहू द्या. पिनची कडी लोंबकळून खडखडते म्हणून काही जण पिन काढून ठेवतात. तसं करू नका, रबर-बँडने बांधा.

पावडरचं काय

सिलिंडर पक्का बसला आणि खडखड थांबली, तरी हजारो किलोमीटरची बारीक थरथर पावडरला तळाशी दाबत राहते. काटा हिरव्यात असतो, कारण काटा फक्त दाब सांगतो. मी महिन्यातून एकदा सिलिंडर काढते, उलटा धरते आणि तळाला रबरी हातोडीने हलके ठोके देते. आतली पावडर एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकताना हाताला वजन सरकल्यासारखं कळतं. ते कळेपर्यंत ठोकते. मग वजन करते. लेबलवर भरलेलं वजन आणि तापमानाची मर्यादाही लिहिलेली असते. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती ओलांडली जाणं अवघड नाही, म्हणून ट्रॅक-डे नसतो तेव्हा माझा सिलिंडर घरात असतो.

२ किलोचा सिलिंडर आठ-दहा सेकंद चालतो. तेवढ्यात गाडीतून बाहेर पडायला वाट मिळते, किंवा बॉनेटखालची आग सुरुवातीलाच दबते. बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडकते. खटका ओढून फट पडली की तिच्यातून मारा. या आठ सेकंदांत सिलिंडर हातात असणं गरजेचं आहे, आणि त्याआधीच्या धडकेत तो जागेवर असणं.

माझ्या गाडीत आता बुश, खालच्या प्लेट, दोन पट्ट्यांचं ब्रॅकेट असं सगळं मिळून तीन ट्रॅक-डे झाले. पहिल्या सत्रानंतर व्हील नट तपासते तेव्हाच हातातला टॉर्क रेंच बदलून या चार बोल्टांनाही २५ ला लावून बघते. कोटिंग काढल्यानंतरच्या पहिल्या खेपेला मागचा डावा बोल्ट वाजण्याआधी किंचित फिरला होता. पुसून नवी पिवळी रेघ मारली. गेल्या दोन खेपांत चारही बोल्टांवर रेंच लगेच वाजतो, आणि रेघ जिथल्या तिथे आहे.